रात्री घरात खुडबुड झाली तर टॉर्च कसा वापरायचा
आवाज आला की लगेच टॉर्च घेऊन धावू नका, आधी अंथरुणातच मिनिटभर नीट ऐका, माळ्यावर खुडबुड असेल तर बहुतेक उंदीर नाहीतर उदमांजर, कोकणात कौलारू घरांत हे नेहमीचंच. पाय खाली टाकायच्या आधी जमिनीवर उजेड मारा कारण मण्यार रात्रीच फिरते आणि ती चावलेली कधीकधी कळतही नाही, हे प्लीज मनावर घ्या. फुल ब्राइट मोड खोलीत नको, पांढऱ्या भिंतीवरून उजेड परत येऊन आपलेच डोळे दिपतात. माळ्यावर मात्र टॉर्च डोळ्यांच्या लेव्हलला धरून हळू फिरवा, जनावराचे डोळे चमकतात. आणि कडी वाजतेय, माणूस वाटतोय, तर बाहेर अजिबात जायचं नाही, लाईट लावा, ११२ ला फोन करा.