अपंगत्वाचा विमा दावा नाकारला गेल्यास दाद कशी मागावी

मळणी यंत्रात हात सापडणे, जिनिंगमध्ये बोटे जाणे, केळीच्या घडांनी भरलेल्या गाडीवरून पडून मणका दुखावणे किंवा सुरत-नागपूर महामार्गावर दुचाकीला धडक बसणे, हे अपघात खान्देशात नवे नाहीत. अशा माणसाने वैयक्तिक अपघात विमा घेतलेला असतो, आयुर्विम्याला अपंगत्वाचा रायडर (मूळ पॉलिसीला जोडलेले जादा संरक्षण) जोडलेला असतो किंवा बँक खात्यातून प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचे वर्षाचे २० रुपये कापले जात असतात. तरीही काही महिन्यांनी ‘दावा अमान्य’ असे पत्र येते आणि घरातील माणसे ते पत्र म्हणजे शेवटचा निकाल समजून कपाटात ठेवून देतात. वास्तविक ते केवळ एका बाजूचे म्हणणे असते, आणि त्याला मुदतीत व कागदोपत्री उत्तर देता येते.

पहिली गोष्ट म्हणजे नकार लेखी घ्यावा. एजंटाने किंवा बँकेच्या शाखेने तोंडी सांगितलेल्या नकारावर पुढे काहीच उभे राहत नाही. पत्रात नकाराचे कारण आणि पॉलिसीतील कलमाचा क्रमांक नसेल, तर तो लेखी मागावा. सोबत पॉलिसीच्या संपूर्ण अटींची प्रत मागावी. कारखाना, बँक किंवा पतसंस्था यांच्यामार्फत घेतलेल्या समूह विम्यात सभासदाकडे बहुधा एकपानी प्रमाणपत्रच असते, आणि वाद नेमका त्या पानावर न छापलेल्या व्याख्येवरून होतो. नकारपत्र जपून ठेवण्याचे आणखी एक कारण आहे. त्यात न दिलेले नवे कारण कंपनीला नंतर न्यायालयात पुढे करता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने एकाहून अधिक निकालांत म्हटले आहे. म्हणून कंपनीकडे फेरविचारासाठी केलेल्या आपल्या अर्जाने त्या पत्रातील प्रत्येक कारणाला, त्याच क्रमाने, उत्तर द्यावे. आपल्या हालअपेष्टांचे वर्णन शेवटी आले तरी चालते.

सर्वाधिक दावे माझ्या मते अडतात ते अपंगत्वाच्या व्याख्येवर, आणि येथे घाई करू नये. शासकीय रुग्णालयाच्या वैद्यकीय मंडळाने दिलेले दिव्यांग प्रमाणपत्र शासकीय सवलतींसाठी असते. त्यावरील टक्केवारी आणि कोणत्या इजेला किती भरपाई हे सांगणारा पॉलिसीतील तक्ता या दोन वेगळ्या मोजपट्ट्या आहेत. समजा, यावल तालुक्यातील केळी कटाईच्या मजुराचा उजवा हात निकामी झाला आणि त्याच्या प्रमाणपत्रावर ६० टक्के लिहिले आहे. सुरक्षा विमा योजनेत या टक्क्याला फारसे महत्त्व नाही. तेथे एका हाताचा किंवा पायाचा ‘वापर’ कायमचा गेला असल्यास १ लाख रुपये आणि दोन्ही हात, दोन्ही पाय किंवा दोन्ही डोळे पूर्णपणे व कायमचे गेल्यास २ लाख रुपये, अशी विभागणी आहे. हात कापला गेला नसला, तरी त्याचा वापर उरला नाही हे सिद्ध करणे पुरेसे असते. म्हणून उपचार करणाऱ्या अस्थिरोगतज्ज्ञाकडून नुसता ‘६० टक्के अपंगत्व’ असा दाखला न घेता, पॉलिसीची व्याख्या त्यांच्यासमोर ठेवून सविस्तर अभिप्राय मागावा. त्यात अपघाताची तारीख, इजा, इजेचा अपघाताशी असलेला संबंध, सांध्याची उरलेली हालचाल, पकड उरली आहे की नाही आणि पुढील उपचारांनी सुधारणा संभवते का, हे स्पष्ट असावे. प्रमाणपत्रावर ‘तात्पुरते’ असा शिक्का किंवा फेरतपासणीची तारीख असेल, तर कंपनी त्याचाच आधार घेऊन अपंगत्व कायमचे नाही असे म्हणू शकते. अशा वेळी फेरतपासणी करून घ्यावी. व्याख्येत ‘कोणताही रोजगार करण्यास असमर्थ’ असे शब्द असतील, तर माणसाचे शिक्षण किती, आजवर कोणते काम केले आणि आता त्याला कोणते काम जमत नाही, हेही कागदावर यायला हवे.

उशिरा कळवल्याचे कारण पुष्कळदा दिले जाते. जखमी माणूस नाशिक किंवा मुंबईच्या रुग्णालयात असताना घरच्यांना पॉलिसीची आठवण राहत नाही, यात नवल नाही. केवळ उशीर झाला म्हणून खरा दावा नाकारू नये, असे विमा नियामकाचे २० सप्टेंबर २०११ चे परिपत्रक आहे. दाखल असल्याच्या तारखा दाखवणारे केसपेपर जोडून त्याचा उल्लेख करावा. मात्र काही रायडरमध्ये अपघातापासून १८० दिवसांच्या आत अपंगत्व आलेले असावे अशी अट असते. ती कळवण्याच्या मुदतीहून वेगळी आहे, हे ध्यानात घ्यावे. जुना आजार लपवल्याचा आरोप असेल आणि पॉलिसी आयुर्विम्याची असेल, तर विमा कायदा १९३८ च्या कलम ४५ नुसार तीन वर्षांनंतर त्या पॉलिसीवर आक्षेप घेता येत नाही.

कंपनीचा तपासनीस गावात येऊन जबाब घेतो, त्याविषयी एक सावधगिरी सांगितली पाहिजे. जखमी माणूस अहिराणीत सांगतो, तपासनीस मराठीत किंवा इंग्रजीत लिहितो, आणि अंगठा किंवा सही मात्र त्या लिहिलेल्या कागदावर होते. नकारपत्रात अशा जबाबाचा आधार असेल, तर त्याची प्रत मागून चुकीचे वाक्य अर्जात नेमके दाखवावे.

अर्ज कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याच्या नावे स्पीड पोस्टाने पाठवून पोच जपावी. नियामकाच्या ‘विमा भरोसा’ पोर्टलवर किंवा १५५२५५ या क्रमांकावरही तक्रार नोंदवता येते. एका महिन्यात उत्तर आले नाही किंवा आलेले उत्तर मान्य नसेल, तर विमा लोकपालाकडे, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जावे. खान्देशासाठी हे कार्यालय पुण्याला आहे. पण तक्रार ऑनलाइन करता येते आणि सुनावणी दूरदृश्य प्रणालीने होऊ शकते, म्हणून अक्कलकुव्याच्या माणसाने अंतराला घाबरू नये. शुल्क नाही, वकील लागत नाही, भरपाईची मर्यादा ५० लाख रुपये आहे आणि तक्रार कंपनीच्या नकारापासून एका वर्षात करावी लागते. लोकपालाचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. तक्रारदाराला तो पटला नाही तर पुढचा मार्ग बंद होत नाही.

तो मार्ग म्हणजे जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदार जेथे राहतो तेथेच तक्रार करता येते, त्यामुळे कंपनीच्या मुख्यालयाच्या शहरात खेटे घालावे लागत नाहीत. मुदत दोन वर्षांची आहे आणि ती नकारापासून मोजावी; लोकपालाकडे गेल्याने ती थांबते असे गृहीत धरू नये. एकच वाद आयोगापुढे प्रलंबित असताना लोकपाल तो घेत नाहीत, म्हणून क्रम आधी ठरवावा. दिव्यांग व्यक्तीला उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी सहाय्य मिळते. जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा किंवा १५१०० वर विचारावे.

मधल्या काळात कंपनी थोडी रक्कम देऊ करेल, तेव्हा पावतीवर ‘पूर्ण व अंतिम’ असे शब्द आहेत का ते पाहावे. असल्यास सही करण्यापूर्वी ही रक्कम आपण हक्क राखून स्वीकारत आहोत असे लेखी कळवावे, आणि कोणत्याही टप्प्यावर मूळ कागद न देता साक्षांकित प्रतीच द्याव्यात.