वड्याच्या तेलाचं बायोडिझेल: आधी तवा, मग ब्युरेट

तळणीच्या वापरलेल्या तेलात मिथेनॉल आणि कॉस्टिक सोडा ढवळून बायोडिझेल, म्हणजे डिझेलसारखं इंधन, बनतं. कॉलेजच्या प्रयोगशाळेत मी त्याची चाळीस लिटरची घाणी काढतो. तेल येतं कँटीनमधून आणि कोपऱ्यावरच्या वडेवाल्याकडून. लोक विचारतात, ढवळायचं किती वेळ? मी म्हणतो, आधी तेल सांगा. निम्मं बायोडिझेल खराब तेलातच हातचं जातं.

पहिल्या आषाढात डबा उघडा राहिला. तेलात पाणी गेलं, मला कळलंच नाही, आणि दुसऱ्या दिवशी चाळीस लिटर पिवळा साबण समोर! तेव्हापासून गाळलेल्या तेलाचे चार थेंब आधी तापल्या तव्यावर. तडतडलं की पाणी आहे. मग तेल 110 अंशांपर्यंत तापवून, तडतड थांबेपर्यंत वाळवायचं.

दुसरी परीक्षा टायट्रेशनची, म्हणजे तेलात आम्ल किती ते थेंबथेंब सोडा घालून मोजण्याची, आणि इथे आळस नको. लिटरभर शुद्ध पाण्यात 1 ग्रॅम कॉस्टिक सोडा विरघळवून ब्युरेटमध्ये, म्हणजे खुणांच्या, तोटी असलेल्या काचेच्या नळीत, भरा. 10 मिलि आयसोप्रॉपिल अल्कोहोलमध्ये फिनॉल्फ्थॅलीनचे (आम्ल संपून सोडा उरला की गुलाबी होणारं सूचक) दोन थेंब टाका आणि फिका गुलाबी रंग येईपर्यंत हेच द्रावण थेंबथेंब सोडा. मग त्यात 1 मिलि तेल घालून, रंग अर्धा मिनिट टिकेपर्यंत पुन्हा सोडत राहा. तेलानंतर लागलेले मिलि तेवढे मोजायचे. ताज्या तेलाला मी लिटरमागे 5 ग्रॅम सोडा धरतो, त्यात हा आकडा मिळवतो. 3 मिलि आले तर 8 ग्रॅम, म्हणजे चाळीस लिटरला 320. तीनदा मोजा, सरासरी घ्या. आकडा 6 च्या वर गेला तर ते तेल मी परत पाठवतो. आम्लाची प्रक्रिया करून वाचवता येतं, पण गंधकाम्लाशी खेळायची हौस मला नाही.

मिथेनॉल तेलाच्या 20 टक्के, म्हणजे 8 लिटर. ते विषारी आहे, ज्योत उजेडात दिसत नाही, आणि खरेदीचे नियम कडक आहेत. आम्ही कॉलेजच्या परवान्यावर घेतो. हातमोजे, चष्मा, मोकळी हवा, विजेचा हीटर. गॅसची शेगडी दूर. मोजलेला सोडा मिथेनॉलच्या कॅनमध्ये थोडाथोडा घालायचा, कारण कॅन तापतो. ॲल्युमिनियमचं भांडं चालत नाही, सोडा ते खातो.

तेल 55 अंशांवर ठेवा. मिथेनॉल 65 च्या आसपास उकळतं. मिथेनॉल-सोड्याचं मिश्रण तेलात एकदम ओतू नका. आधी 80 टक्के घालून तासभर ढवळा, स्थिरावू द्या, तळाचं काळं ग्लिसरीन काढा, मग उरलेलं 20 टक्के घालून पुन्हा तासभर. उतारा वाढला तो या दोन हप्त्यांनी.

रात्रभर निवलं की 3 मिलि बायोडिझेल 27 मिलि मिथेनॉलमध्ये हलवा. पाच मिनिटांनी तळाशी तेल बसलं तर क्रिया अर्धवट आहे. स्वच्छ विरघळलं तर कोमट पाण्याने धुवा. पहिलं पाणी वरून हळूच शिंपडायचं, हलवायचं नाही, नाहीतर फेस बसता बसत नाही. धुतल्यावर पुन्हा वाळवा.

एक राहिलं: पामतेलाचं बायोडिझेल डिसेंबरात डब्यात गोठतं. ते मी हिवाळ्यात जनरेटरला डिझेलमध्ये थोडंच मिसळतो.