पावसाळ्याआधी सेलचा डबा लावताना (वापरलेला सेल परत डब्यात टाकायचा नाही!)

मे संपत आला की सांगलीत गावभागातली माणसं कोयनेत पाणी किती झालं ते विचारायला लागतात, आणि मी सेलचा डबा काढून बसतो. घरातले हसतात. हसूदेत. 2021 च्या जुलैत खालच्या मजल्यात पाणी, आम्ही वर, लाईट नाही, मोबाईल अकरा टक्क्यांवर, पण डब्यात वीस-बावीस पेन्सिल सेल आहेत म्हणून मी एकदम निवांत होतो. टॉर्चला तीन लागतात. तीन टाकले, काजव्याएवढा उजेड. एक बदलला, तेवढाच. दुसरा बदलला, गेलाच. अंधारात मांडीवर सेल घेऊन तीन-तीनच्या जोड्या लावत बसलो, काढलेले कुठले आणि राहिलेले कुठले तेही कळेना, त्यात आईच्या बीपी मशीनला चार पाहिजेत. सकाळी उजेडात बघितलं तर डब्यात नवे म्हणावेत असे पाचच. बाकीचे रिमोटमधनं, घड्याळातनं, नातवाच्या गाडीतनं काढलेले, "टाकायचं कशाला, चालंल कुठंतरी" म्हणून आण्णांनी प्रेमानं परत डब्यात ठेवलेले. आण्णांना कशाला बोलू, मीपण तेच करायचो.

म्हणून पहिलं आणि शेवटचं हेच, वापरलेला सेल डब्यात परत टाकायचा नाही. अर्धा असला तरी नाही. बाहेरनं दोन्ही सेल सारखेच दिसतात, हाच सगळा घोळ आहे. जमिनीवर टाकून बघायचं, उडला तर संपला, असं काहीजण सांगतात. अल्कलाइन (जरा महागातला, जास्त टिकणारा) सेल वापरल्यावर उडतो हे खरं, आतल्या जस्ताचं ऑक्साइड होत जातं म्हणून, पण 2015 मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठातल्या लोकांनी हे मोजून बघितलं तर अर्धा संपेपर्यंतच तो पुरता उडायला लागतो. म्हणजे उडाला तर नवा नाही एवढंच कळतं, मेलाय का ते कळत नाही. मल्टिमीटर असंल तर नवा अल्कलाइन दीड व्होल्टच्या जरा वर दाखवतो, पण नुसतं मीटर लावल्यावर दमलेला सेलसुद्धा बरा आकडा दाखवतो आणि टॉर्चमध्ये गेला की बसतो. तेव्हा तपासत बसण्यापेक्षा मिसळूच नका. अर्धा सेल सरळ भिंतीवरच्या घड्याळात घाला, घड्याळाला जेमतेम करंट लागतो, महिनोन्महिने ओढतंय. उन्हात ठेवणं, दातानं चावणं, रिमोटला थापटणं हे मॅच संपेपर्यंत ठीक, पुराला नाही.

डबा कसला तर प्लॅस्टिकचा. आमचा भडंगाचा आहे, धुऊन दोन दिवस वाळवलेला. स्टीलचा नको, आणि त्यात किल्ल्या, चिल्लर, खिळे तर अजिबात नको. सेल पाकिटातनं सोडवूच नका, लागेल तसं फाडा, त्यानं टोकाला टोक लागत नाही आणि फाडलेलं पाकीट म्हणजे वापरलेलं हे आपोआप कळतं. झाकणावर मी मार्करनं लिहिलंय "फक्त नवे", आणि त्याच्याखाली परत "आण्णा, फक्त नवे".

जागा. पत्र्याखालचा माळा नको, एप्रिल-मेत आपल्याकडं तिथं हात लावता येत नाही आणि सेल न वापरताच उतरायला लागतो. आतली रासायनिक क्रिया उन्हाळ्यानं जोरात चालते, बस. मग फ्रीज? नको. सेलच्या कंपन्याच "साधारण तापमानात, कोरड्या जागी" ठेवा म्हणतात, फ्रीजमधनं काढला की त्याला घाम फुटतो, त्या पाण्यानं टोकं गंजतात. आतल्या खोलीतलं लाकडी कपाट, मधला कप्पा. आमच्यासारखं पाणी येणाऱ्या घरात वरच्या मजल्यावरचं कपाट, हे सांगायला नको.

विकत घेताना तारीख बघा, सेलवर नाहीतर पाकिटावर छापलेली असते. साधा स्वस्त सेल दोन-तीन वर्षांचा, चांगला अल्कलाइन नीट ठेवला तर दहा वर्षांपर्यंत. दुकानदार धूळ पुसून देत असंल तर दुसरं पाकीट मागा. डब्यात जुन्या तारखेचे वर, नवे खाली. आणि वापरलेले? डब्यात नाहीत! झालं.

आता दुसरी चूक, तीसुद्धा त्याच रात्रीची. त्या मिसळलेल्या जोडीवर टॉर्च कसातरी लावला आणि पाणी उतरल्यावर चिखलाच्या नादात तसाच ठेवून दिला. गणपतीत उघडला तर स्प्रिंगला पांढरी मिठासारखी भुकटी, मधला सेल चिकटून बसलेला, पेचकसनं ढोसून काढावा लागला. कमजोर सेल आधी संपतो, बाकीचे दोघं त्याच्यातनं जबरदस्तीनं करंट ढकलत राहतात, आत गॅस धरतो आणि तो फुटून गळतो. अल्कलाइनमधनं गळतं ते पोटॅशियम हायड्रॉक्साइड, कॉस्टिक सोड्याचा भाऊच, उघड्या हातानं खरवडू नका. कापसाला लिंबू नाहीतर व्हिनेगर लावून पुसलं की निघतं, मग कोरडं करायचं. पण मुळात महिनाभर न लागणाऱ्या टॉर्च, रेडिओतले सेल काढूनच ठेवायचे. काढलेले अर्धे असतील तर कुठं जायचे? घड्याळात. डब्यात नाही.

चौकोनी नऊ व्होल्टवाला असेल तर दोन्ही टोकं शेजारी-शेजारी असतात, चिकटपट्टी लावा, स्टीलची घासणी नाहीतर नाणं लागलं तरी आग लागू शकते. बटण सेल लहान पोरांच्या हाती लागू देऊ नका, ही तयारीची गोष्ट नाही पण सांगतोच, गिळला तर दोन तासांत अन्ननलिका भाजते, घरी उलटी वगैरे करत बसायचं नाही, सरळ दवाखाना. चार्जिंगचे सेल साधे असतील तर महिन्याभरात पाव भाग उतरतात, त्यांच्या भरवशावर बसू नका. पॉवरबँक एरवी अर्धी भरलेली ठेवा, जास्त टिकते, आणि कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी चाळीस फुटांच्या इशारा पातळीकडं सरकायला लागलं की पूर्ण भरा, पंचेचाळीसच्या धोक्याची वाट बघू नका, तोवर लाईट असेलच असं नाही.

मेलेले सेल ओल्या-सुक्या कचऱ्यात नाहीत, 2022 च्या बॅटरी कचऱ्याच्या नियमात ते वेगळे द्यायचेत, आमची वेगळी बरणी आहे, कोपऱ्यात, झाकणावर लाल फुली. मेणबत्ती, काडेपेटी ज्याची त्यानं बघावी. आण्णांनी काल त्या बरणीतनं दोन सेल काढून रिमोटला लावून बघितले. चालले म्हणे.