शिवराईवरील अक्षरे छायाचित्रात हरवतात? या चुका टाळा

शिवराई, म्हणजे शिवाजी महाराजांच्या नावाचे तांब्याचे नाणे, खिडकीपाशी जराशी तिरकी धरली की एका बाजूचे ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूचे ‘छत्रपति’ सहज वाचता येते. त्याच नाण्याच्या छायाचित्रात मात्र पुष्कळदा तांब्याचा काळपट गोल तेवढा उरतो. दोष बहुधा कॅमेऱ्याचा नसतो, प्रकाशाच्या दिशेचा असतो.

पहिली चूक फ्लॅशची. भिंगाशेजारून समोरासमोर येणाऱ्या प्रकाशात अक्षरांची सावलीच पडत नाही आणि आधीच झिजलेला उठाव सपाट दिसतो. त्याऐवजी एकच टेबल लॅम्प नाण्याच्या वरच्या अंगाला, घड्याळात 10 चा आकडा असतो त्या दिशेला ठेवावा आणि कॅमेऱ्याच्या पडद्याकडे पाहत हळूहळू खाली आणावा. ‘राजा’मधील कान्याची डावी कड आधी उजळते, मग उजवीकडे सावलीची बारीक रेघ उमटते, ती दिसली की थांबावे. दिवा आणखी खाली नेला तर खड्डे आणि ओरखडेही सावल्या टाकू लागतात व अक्षरे त्यांत मिसळून जातात. प्रकाश नाण्याच्या खालच्या अंगाने तर कधीच देऊ नये, कारण प्रकाश वरून येतो असे डोळा गृहीत धरतो आणि उठावाची अक्षरे कोरल्यासारखी खोलगट भासतात.

व्हिक्टोरिया राणीच्या चांदीच्या रुपयाला हीच रीत लावणे ही दुसरी चूक. चकाकत्या चांदीसाठी दिवा भिंगाच्या जवळ, उंचावर हवा आणि त्यापुढे ट्रेसिंग पेपर धरावा. काळ्या कापडावर ठेवलेला रुपया पांढराफटक येत असेल, तर एक्स्पोजर एका स्टॉपने कमी करावे, म्हणजे कॅमेऱ्यात येणारा प्रकाश निम्मा करावा.

नाणे लंबगोल दिसत असेल, तर कॅमेरा कललेला आहे. नाण्याच्या जागी छोटा सपाट आरसा ठेवावा. भिंगाचे प्रतिबिंब चौकटीच्या बरोबर मध्यभागी येईपर्यंत ट्रायपॉड हलवावा. मोबाइल नाण्याला चिकटवू नये, त्याचीच सावली पडते. कॅमेऱ्याला एफ 8 च्या आसपासचे भिंगाचे छिद्र (अ‍ॅपर्चर) आणि 2 सेकंदांचा टायमर पुरतो.

छायाचित्र उठावदार यावे म्हणून नाणे चिंचेने घासणे मात्र अक्षम्य आहे, कारण तांब्यावरचा जुना थर एकदा गेला की परत येत नाही. धूळ ब्लोअरने उडवावी, नाणे प्लास्टिकच्या पाकिटातून काढून फक्त कडेने धरावे आणि बाकीचे काम दिव्याकडून करून घ्यावे.