ऑस्मोसिसचा ग्राफ जुळत नव्हता, मग काय केलं

ऑस्मोसिस म्हणजे पेशीच्या पडद्यातून पाण्याचं आत-बाहेर जाणं. त्यासाठी बटाट्याच्या पट्ट्या कमी-जास्त साखरेच्या द्रावणात ठेवायचा प्रयोग, कोणत्या द्रावणात वजन बदलत नाही ते शोधायचं, आणि आमच्या ग्रुपचा ग्राफ नुसता नागमोडी. वजनातला फरक ग्रॅममध्ये मांडला होता पण पट्ट्या मुळातच लहान-मोठ्या, तुलना होणार कशी? मग सगळं टक्क्यांत काढलं, म्हणजे फरक भागिले सुरुवातीचं वजन गुणिले 100, तर ग्राफ छान उतरता आला, आणि तो शून्याला जिथे छेदतो तिथे पाणी जेवढं पेशीत जातं तेवढंच बाहेर येतं, खरं उत्तर तेच. एक पॉइंट तरी वरच लटकत होता, वही बघितली तर ती पट्टी वरचं पाणी टिपून न घेता ओलीच वजन केलेली (नोंदी ठेवा रे बाबांनो). तो खोडला नाही, गोल करून कारण लिहिलं आणि सरासरी त्याला सोडून काढली.