उन्हाळ कांदा: तारखेआधी रोपाचं वय मोजा

शेणखत कुजलेलं नसेल तर घालूच नका. मूठभर हातात घ्या, मातीचा वास आला तर चालेल, शेणाचा आला तर राहू द्या खड्ड्यातच. कच्च्या खताबरोबर हुमणी (मुळं खाणारी अळी) आणि तण फुकट येतं. कुजलेलं एकरी ६ ते ८ टन, शेवटच्या कुळवाच्या पाळीआधी पसरायचं.

आता लागण. मी मार खाल्ला तो इथेच.

ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत गादीवाफ्यावर उळं, म्हणजे रोपासाठी कांद्याचं बी, टाकायचं, ४५ ते ५० दिवसांचं रोप डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत लावायचं, हे निफाड-येवल्याकडे सगळ्यांना पाठ आहे. तरी चुकतं. बाया मिळत नाहीत, आधीचा मका निघत नाही आणि रोप वाफ्यातच जाड होत राहतं. एका साली मी ७० दिवसांचं रोप लावलं. पेन्सिलीएवढ्या माना, बघून बरंच वाटलं होतं! फेब्रुवारीत वाफ्यावाफ्यातून डेंगळे, म्हणजे फुलाचे दांडे, वर आले. कांद्याला फुलावर जायला पुरेसं वाढलेलं रोप लागतं आणि १०-१२ अंशांची थंडी. थंडी आपल्याकडे असतेच, जाड रोप मी पुरवलं. ‘डेंगळा मोडून टाक, कांदा पोसेल’ असं सांगणारे खूप भेटले. मोडले. आतला दांडा तसाच राहतो, कांदा मधून टणक होतो आणि साठवणीच्या चाळीत आधी तोच सडतो.

उशीर झाला तरी सुटका नाही. जानेवारीअखेर लावलेल्या रोपाला पात धरायला वेळच मिळत नाही. दिवस मोठा झाला, ऊन तापलं की असेल तेवढ्या पातीवर कांदा गोल व्हायला लागतो. मग निघते गोल्टी, म्हणजे बारका कांदा. खत वाढवून ती मोठी होत नाही, दुकानदार काहीही म्हणो.

म्हणून मी आता उळं एकदम टाकत नाही. निम्मं आधी, निम्मं दहा दिवसांनी. बाया उशिरा आल्या तर पहिलं रोप जाड झालेलं असतं, पण दुसरं तयार असतं. जाड रोप जीव तुटला तरी फेकतो.

लावताना शेंड्याची एक तृतीयांश पात कापा, अंतर १५ बाय १० सेंटिमीटर. खोल खुपसू नका, कांदा लांबट होतो. हे बायांना पहिल्या वाफ्यावरच सांगा, दुपारी सांगून उपयोग नाही.

नत्र निम्मं लागणीला, उरलेलं ३० आणि ४५ दिवसांनी. साठ दिवसांनंतर युरियाच्या गोणीला हात लावू नका. माना जाड राहतात, कांदा टिकत नाही.

आच्छादन ठिबकवरच करा. सपाट वाफ्यात मी गव्हाचा भुसा पसरला आणि रात्रीच्या लाईटवर पाणी सोडलं. सकाळी सगळा भुसा खालच्या कोपऱ्यात, रोपं त्याखाली दबलेली. ठिबकवर रोप धरल्यावर, पंधराएक दिवसांनी, दोन बोटं थर पुरे. मुळाशी दाटू नका, दोन ओळींच्या मध्ये सोडा.