उत्तर बरोबर, चित्र चुकीचं: वीज, गुरुत्वाकर्षण, ऊर्जा आणि अवकाश यांची मुलांची समज तपासताना या चुका टाळा

सातवीतल्या एका मुलीची उत्तरपत्रिका तपासत होते. प्रश्न साधा होता: एकसर जोडणीतल्या (एकामागे एक जोडलेल्या) दोन बल्बांमधून वाहणारी विद्युतधारा सारखी असते की वेगवेगळी? तिने लिहिलं होतं, ‘सारखी’. एक गुण देऊन पान उलटणार, तेवढ्यात समासातली पेन्सिलीची आकृती दिसली. सेलमधून निघणारा बाण जाडजूड, पहिल्या बल्बनंतर तो बारीक झालेला आणि दुसऱ्यानंतर अगदी केसाएवढा. दुसऱ्या दिवशी तिला जवळ बोलावून विचारलं. म्हणाली, “बाई, बल्ब पेटायला करंट लागतो ना, मग तो थोडा संपणारच. पण पुस्तकात सारखी लिहिलंय, म्हणून मी तसं लिहिलं.”

तिच्या मनात काय आहे ते त्या एका गुणातून मला कधीच कळलं नसतं. या विषयांत हे वारंवार होतं, कारण मूल वर्गात येतं तेव्हा त्याच्या डोक्यात आधीच एक चित्र असतं. वस्तू खाली पडतात, सेल संपतो, चंद्र लहान-मोठा होतो, हे सगळं त्याने पाहिलेलं असतं. शाळेतलं उत्तर त्या चित्राच्या शेजारी येऊन बसतं, चित्र तसंच राहतं. म्हणून प्रश्न असा निवडायचा की चुकीच्या चित्रातून एक उत्तर येईल आणि बरोबर चित्रातून दुसरं.

वीज: ‘सारखी की वेगळी’ एवढ्यावर थांबू नका

दोनच पर्याय असले की निम्मी मुलं अंदाजानेही बरोबर येतात. त्याऐवजी परिपथाची आकृती द्या, तीन ठिकाणी अमीटर (धारा मोजणारं उपकरण) दाखवा, पहिल्याचं वाचन ०.४ अँपिअर लिहा आणि उरलेली दोन वाचनं मुलांना भरायला सांगा. ०.४, ०.३, ०.२ असं लिहिणारं मूल धारा वाटेत ‘खर्च’ होते असं मानतं, हे लगेच दिसतं.

याहून नेमका प्रश्न एकच, आणि मला तो फार उपयोगी वाटतो. बल्बच्या पुढे एक रोध (धारेला अडथळा करणारा घटक) जोडलेला आहे. तो रोध वाढवला तर बल्बच्या प्रकाशात फरक पडेल का? बरीच मुलं नाही म्हणतात, कारण त्यांच्या मते धारा बल्बमधून आधीच निघून गेलेली असते. प्रत्यक्षात बल्ब मंद होतो, कारण धारा संपूर्ण परिपथाची मिळून ठरते. परिपथ एकसंध आहे हे मुलाला कळलंय का, ते इथे समजतं. पाठ केलेलं वाक्य इथे कामाला येत नाही.

नुसती आकडेमोड तपासणं ही याच जातीची चूक. हार्वर्ड विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकवणारे एरिक माझुर यांना १९९० च्या सुमारास असाच धक्का बसला. किचकट परिपथाची गणितं सोडवणारे त्यांचे विद्यार्थी साध्या बल्बांच्या प्रश्नात अडखळत होते. सूत्रात किमती घालता येणं हे वेगळं कौशल्य आहे. त्याचे गुण जरूर द्या, पण ‘समजलं’ या रकान्यात ते धरू नका.

प्रात्यक्षिकच दगा देतं तेव्हा

एकसर जोडणीत दोन ‘सारखे’ बल्ब लावले आणि एक जास्त उजळला, की वर्गातून आवाज येतो, “बघा, पहिल्याला जास्त करंट मिळाला!” घाबरू नका आणि “तिकडे लक्ष देऊ नका” असंही म्हणू नका. दोन्ही बल्बांच्या जागा बदला. जो आधी जास्त उजळत होता तोच दुसऱ्या जागीही जास्त उजळतो, म्हणजे फरक बल्बच्या तारेत आहे, रांगेतल्या क्रमांकात नाही. मुलांना जागा बदलण्याआधी अंदाज लिहायला लावला तर हीच उत्तम चाचणी होते.

समांतर जोडणीत (प्रत्येक बल्बची वाट वेगळी असते तेव्हा) दुसरी अडचण येते. सेल जुना असेल तर दुसरा बल्ब जोडताच पहिला मंद होतो आणि ‘धारा वाटली गेली’ हा समज आणखी पक्का होतो. हे सेलच्या अंतर्गत रोधामुळे, म्हणजे सेलच्या आतल्याच अडथळ्यामुळे होतं. नवे सेल वापरा, आणि मूल्यमापनाआधी मांडणी स्वतः एकदा जोडून बघा.

गुरुत्वाकर्षण: कधी कधी प्रश्नच चुकीचा असतो

‘अंतराळस्थानकात गुरुत्वाकर्षण नसल्यामुळे अंतराळवीर तरंगतात. कारण सांगा.’ असा प्रश्न मी छापलेला पाहिलाय आणि मनापासून वाईट वाटलं. आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानक सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरून फिरतं आणि तिथे गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या पृष्ठभागावरच्या जवळपास ९० टक्के असतं. स्थानक आणि आतली माणसं एकत्रच पृथ्वीकडे पडत असतात, पण आडवा वेग इतका असतो की पृथ्वीचा पृष्ठभागही तेवढाच वळत जातो. प्रश्नपत्रिकेत ‘शून्य गुरुत्व’ न लिहिता ‘वजनरहित अवस्था’ लिहा. एवढ्याने निम्मा घोळ मिटतो.

‘चंद्रावरचं गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या किती पट?’ याला बहुतेक सगळे ‘एक षष्ठांश’ लिहितात. त्याच मुलांना विचारा, चंद्रावर उभ्या असलेल्या अंतराळवीराने हातातलं पेन सोडलं तर काय होईल? तरंगत राहील, असं अनेकजण सांगतात. मग अंतराळवीर का तरंगत नाही? “त्याचे बूट जड असतात.” हवा नाही म्हणजे गुरुत्वाकर्षण नाही, ही समजूत या उत्तरामागे असते. खरं तर दीड मीटरवरून सोडलेलं पेन पृथ्वीवर अर्ध्या सेकंदाहून थोडं जास्त वेळ घेतं आणि चंद्रावर सुमारे १.४ सेकंद. १९७१ मध्ये अपोलो १५ मोहिमेत डेव्हिड स्कॉट यांनी हातोडा आणि पीस एकदम सोडले आणि दोन्ही एकदमच खाली पडले. ते चित्रण दाखवायचं असेल तर आधी अंदाज लिहून घ्या. दाखवून झाल्यावर विचारलं तर फक्त स्मरणशक्ती तपासली जाते.

वजन आणि वस्तुमान यांच्या व्याख्या लिहून घेण्याने फार काही कळत नाही, कारण बोलताना आपण सगळेच ‘वजन इतके किलो’ म्हणतो. त्याऐवजी विचारा: एक किलो वस्तू चंद्रावर ताणकाट्याला (स्प्रिंगच्या काट्याला) लावली आणि नंतर तराजूत एक किलोच्या मापासमोर ठेवली तर काय दिसेल? ताणकाटा सहापट कमी दाखवेल, तराजू समतोल राहील. दोन्ही कारणांसह सांगणाऱ्याला फरक कळलाय.

ऊर्जा: शब्दांचा गुंता

आपल्या भाषेत ‘ऊर्जा अक्षय्यतेचा नियम’ (ऊर्जा निर्माण होत नाही, नष्टही होत नाही) आणि ‘अक्षय ऊर्जा’ (ऊन-वाऱ्यासारख्या न संपणाऱ्या स्रोतांची) हे शब्द इतके जवळचे आहेत की मुलं सौरऊर्जेलाच तो नियम लागू करतात. प्रश्न सोडवताना कोणता अर्थ घेतलाय ते आधी पाहा, मगच गुण कापा. एक थेट प्रश्न ठेवा: ऊर्जा नष्ट होत नाही, तर ती वाचवायची कशाला? इथे ‘ती पसरून उष्णतेच्या रूपात जाते आणि पुन्हा कामाला लावता येत नाही’ अशा अर्थाचं काहीही आलं तरी मला पुरेसं वाटतं. भाषा मोडकी असली तरी चालेल.

‘पंखा विद्युत ऊर्जेचं यांत्रिक ऊर्जेत रूपांतर करतो’ हे वाक्य सगळ्यांना येतं. पुढचा प्रश्न विचारा: पूर्ण बंद खोलीत तासभर पंखा चालू ठेवला तर तापमापीतला पारा चढेल, उतरेल की तिथेच राहील? उतरेल, असं उत्तर हमखास येतं. खरं तर पंख्याला दिलेली ऊर्जा अखेर उष्णता होऊन खोलीतच राहते, त्यामुळे तापमान किंचित वाढतं. आपल्याला गार वाटतं ते घाम वाळल्यामुळे.

अवकाश: आकृती तपासा, आपलीसुद्धा

ऋतूंच्या प्रश्नात पृथ्वीची कक्षा लांबट अंड्यासारखी काढलेली असते आणि ‘सूर्य जवळ म्हणून उन्हाळा’ हा समज तिथेच जन्मतो. पृथ्वी जानेवारीच्या सुरुवातीला सूर्यापासून सुमारे १४.७ कोटी किलोमीटरवर असते आणि जुलैच्या सुरुवातीला सुमारे १५.२ कोटी. फरक तीन टक्क्यांच्या आसपास. कक्षा वर्तुळासारखीच काढा आणि विचारा: एकाच दिवशी उत्तर गोलार्धात हिवाळा आणि दक्षिणेत उन्हाळा कसा?

चंद्राच्या कलांसाठी माझा प्रश्न असा असतो: अष्टमीच्या सुमारास अर्धा चंद्र आणि सूर्य एकाच वेळी आकाशात दिसू शकतात, मग चंद्राचा उरलेला भाग पृथ्वीच्या सावलीने झाकला असेल का? सावली सूर्याच्या विरुद्ध बाजूला पडते, एवढं आठवलं तरी मूल स्वतःच ‘नाही’ म्हणतं आणि विचारात पडतं. तो विचार पूर्ण होऊ द्या, लगेच उत्तर सांगू नका.

गुण देताना आणि पुन्हा विचारताना

उत्तराला एक आणि कारणाला एक, असे गुण वेगळे ठेवा. बरोबर उत्तर आणि चुकीचं कारण अशा जोड्या वेगळ्या नोंदवा, पुढचा तास त्यांच्यावरच घ्यायचा असतो. मुलाने ‘विद्युतधारा’ऐवजी ‘करंट’ लिहिलं म्हणून कल्पनेचा गुण कापू नका. तोंडी विचारताना “तेवढीच राहते, हो ना?” असं आपल्या तोंडून निघतं, आणि मूल आपला चेहरा वाचून मान डोलावतं. “तुला काय वाटतं?” म्हणा आणि मनात दहा मोजेपर्यंत गप्प राहा.

धडा संपल्याच्या दिवशीची चाचणी कालचं ऐकलेलं मोजते. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा विचारा, आणि नुसते आकडे बदलू नका, परिस्थिती बदला. त्या मुलीला मी नंतर बल्बऐवजी छोटी मोटर असलेला परिपथ दिला आणि बाण काढायला सांगितलं. तिने सगळे बाण सारख्या जाडीचे काढले, मग मोटरपाशी थांबून विचारलं, “बाई, करंट तेवढाच जातो, मग मोटरला फिरवतं काय?” पुढचा अख्खा तास आम्ही विभवांतरावर, म्हणजे व्होल्टेजवर बोललो.